फाउंड फुटेज भयपटाचा ट्रेलर: एक मोबाईल, एक रान आणि दोन रात्री

पहिला ट्रेलर करायला आम्हाला दोन महिने लागले. पांढरी साडी, मोकळे केस, तोंडाला पावडर, भाड्यानं आणलेला मोठा कॅमेरा आणि मागं ढॅण ढॅण संगीत. गणपतीच्या मंडपात पडद्यावर लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, "मस्त केलाय" म्हणाले आणि जेवायला गेले.

दुसरा ट्रेलर दोन रात्रींत, एका मोबाईलवर झाला. पंचाहत्तर सेकंदांचा. त्यात भूत दिसतच नाही, रात्री रानात वाट चुकलेला एक पोरगा आहे, एवढंच. तो संपल्यावर माझी मावशी थोडा वेळ गप्प बसली आणि मग विचारलं, "मग ते लेकरू घरी आलं का?"

मावशीला ते लेकरू खरं वाटलं, म्हणून तिला त्याची काळजी वाटली आणि भीती त्या काळजीतून आली. खाली सांगितलेलं सगळं तंत्र, फोनच्या सेटिंगपासून रातकिड्यांच्या आवाजापर्यंत, त्या लेकरासाठी राबवायचं आहे. आम्ही ज्या चुकांत एक पावसाळा घालवला त्या तुम्हाला टाळता याव्यात म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी: फाउंड फुटेज म्हणजे गोष्टीतल्याच माणसानं काढलेलं आणि नंतर कुणाला तरी सापडलेलं चित्रीकरण, असा आव आणलेला सिनेमा. १९९९ साली आलेल्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'मध्ये दिग्दर्शकांनी कॅमेरे कलाकारांच्याच हातात दिले, त्यांना जंगलात पाठवलं आणि संवाद लिहून देण्याऐवजी रोज चिठ्ठ्यांवर सूचना दिल्या. ओरेन पेलीनं 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' स्वतःच्या राहत्या घरात सुमारे १५,००० डॉलरमध्ये केला. तेव्हा पैशासाठी अडून बसू नका.

१. कॅमेरा कुणाच्या हातात आहे आणि तो चालू का आहे?

इथं चुकलं तर पुढं काहीच दुरुस्त होत नाही. कागदावर तीन ओळी लिहा: व्हिडिओ कोण काढतंय, कुणासाठी काढतंय, आणि भीती वाटल्यावरही बंद का करत नाही.

"चार मित्र भुताचा शोध घ्यायला जुन्या वाड्यात जातात" हे उत्तर मी तरी घेणार नाही. भूत शोधायला गेलेल्याला भूत दिसलं तर बघणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. त्यापेक्षा आपल्याकडं रोज व्हिडिओ काढायची कितीतरी खरी कारणं आहेत. पीक नुकसानीचे फोटो भरपाईसाठी काढले जातात. ई-पीक पाहणीला बांधावर जाऊन फोटो टाकावा लागतो. लग्नाचा व्हिडिओवाला रात्री दोन वाजता मोटारसायकलवर परत येतो. आडत दुकानाच्या गोदामात सीसीटीव्ही असतो. माणूस आपलं काम करत असताना त्याच्या कॅमेऱ्यात नको ते यावं.

आमची गोष्ट सांगतो, पुढचे सगळे दाखले तिच्यातलेच आहेत. आईबाप ऊसतोडीला गेलेत. बारावीतला पोरगा आजीजवळ राहतो. आठवड्यातले काही दिवस शेताला रात्रीचीच लाईट, म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला तो रात्री साडेअकराला रानात जातो. बाप कारखान्यावरून फोनवर सांगतो, "पाणी पडायलंय का, व्हिडिओ काढून टाक." विम्याच्या फोटोसाठी घेतलेलं जीपीएस कॅमेऱ्याचं ॲप मोबाईलमध्ये आहे, पोरगा तेच उघडतो. त्यामुळं व्हिडिओच्या खाली तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश उमटतात. परत येताना पाणंदीत त्याला चकवा लागतो. चालतोय, चालतोय, आणि दर व्हिडिओत खालचे आकडे फिरून तेच.

तो व्हिडिओ बंद का करत नाही? हातातल्या बॅटरीचे सेल संपलेत आणि व्हिडिओ चालू असला की फोनचा फ्लॅश जळत राहतो. त्याच्याकडं तेवढाच उजेड आहे. हे कारण सापडायला आम्हाला तीन आठवडे लागले, आणि ते सापडल्यावर निम्मा ट्रेलर आपोआप लिहून झाला.

अशक्य गोष्ट मात्र एकच ठेवा. आकडे फिरून पुन्हा तिथंच येतात, एवढंच. आम्हाला वेळही उलटी फिरवायची होती, पारंबीला लटकलेला हातही दाखवायचा होता. ते सगळं काढलं. एक गोष्ट वाकडी असली की डोळा तिच्यावर खिळतो. चार असल्या की बघणारा "हां, पिक्चर आहे" म्हणून सैल बसतो.

२. जागा आणि कागदपत्रं

जागा आपल्या माहितीची घ्या. स्वतःचं किंवा नात्यातलं शेत, आखाडा (म्हणजे शेतातलं खोपट), बंद पडलेला कोठा. किल्ल्याचा मोह होतो, मलाही झाला होता. दौलताबाद किल्ल्यातली अंधारी, म्हणजे तो काळोखा भुयारी रस्ता, बघितल्यावर कुणालाही वाटेल की इथंच करावं. पण तो किल्ला, वेरूळ, अजिंठा, बीबी का मकबरा ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली स्मारकं आहेत. तिथं चित्रीकरणाला आधी लेखी परवानगी लागते. राज्य पुरातत्त्व विभागाकडच्या किल्ल्यांचंही तेच. वनखात्याच्या हद्दीत रात्री शिरूच नका.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिव भागातली हजारो माणसं गेली. त्या जुन्या गावठाणांचे दगड अजून आहेत आणि ज्यांची माणसं गेली तेही आहेत. तिथं भुताचा ट्रेलर करू नका. कुणी आत्महत्या केलेल्या विहिरीवर, शेतावरही नको. रिकामी जागा दिसली म्हणून ती मोकळी आहे असं नसतं.

फाइलमध्ये आणि फोनमध्ये दोन्हीकडं ठेवायचे कागद:

- जागेच्या मालकाचं सहीचं संमतीपत्र, तारखा आणि वेळ लिहून
- प्रत्येक कलाकाराचं संमतीपत्र. १८ वर्षांखालचा असेल तर आईवडिलांची सही
- ग्रामपंचायतीला दिलेल्या पत्राची प्रत
- पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच. त्यात किती माणसं, कुठं, किती वाजेपर्यंत, कोणत्या गाड्या आणि एकाचा मोबाईल नंबर

पोलिसांना आणि गावाला सांगणं ही औपचारिकता समजू नका. २०२४ मध्ये मराठवाड्यातल्या अनेक गावांत रात्री ड्रोन दिसल्याची चर्चा होती तेव्हा लोक काठ्या घेऊन गस्त घालत होते. अशा वेळी रानात उजेड हलताना दिसला आणि किंकाळी ऐकू आली तर लोक पळत येणारच, आणि ते चुकीचं नाही. आम्ही दोन्ही दिवस संध्याकाळी पारावर जाऊन सांगितलं, "आज रात्री आमचं शूटिंग आहे, पोरगं ओरडंल, घाबरू नका." आजूबाजूच्या आखाड्यांवर जागलीला असणाऱ्यांना तर प्रत्येकाला भेटून सांगितलं. त्यातल्या एका काकांनी आम्हाला बाराच्या ठोक्याला चहा आणून दिला.

३. सामान

- एकच मोबाईल. सगळा ट्रेलर त्याच्यावरच. दुसऱ्या फोनचा रंग वेगळा येतो आणि सोंग उघडं पडतं
- दुसरा मोबाईल फक्त आवाज रेकॉर्ड करायला, सोबत शर्टाला लावायचा वायरचा माइक
- पॉवर बँक दोन, मोबाईलमध्ये किमान ३० जीबी जागा मोकळी
- डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या, युनिटमधल्या प्रत्येकाला एक
- गमबूट, प्रत्येकाला. यावर वाद घालू नका. घोणस, मण्यार रात्रीच बाहेर असतात
- दोर, प्रथमोपचार पेटी, जवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर आणि एक चारचाकी
- पांढरं धोतर किंवा चादर (कशासाठी ते पुढं सांगतो)

विहिरीच्या काठावर रात्री अभिनय करायचा नाही. कठडा नसलेली विहीर असेल तर तो शॉट संध्याकाळी, दिसत असताना घ्या आणि नंतर काळा करा. स्टार्टरच्या पेटीला कलाकारानं हात लावायचा नाही, खटका मालकानंच दाबायचा.

४. फोनची सेटिंग

सगळं ऑटोवर सोडलं तरी बिघडतं आणि सगळं हातात घेतलं तरी बिघडतं. हातात काय घ्यायचं तेवढं सांगतो.

फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २५ आणि शटर (प्रत्येक चित्राला उजेड किती वेळ मिळतो) १/५० सेकंद. आपली लाईट ५० हर्ट्झची आहे, म्हणून बल्ब आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. शटर त्याच्याशी जुळलं नाही की भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात हे बदलता येत नसेल तर ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा ही फुकट ॲप बघा, तुमच्या फोनवर चालतं का ते आधी तपासून.

नाईट मोड बंद. तो अंधाराचा दिवस करतो. कमी उजेडात फ्रेम रेट आपोआप उतरवणारी सोय असेल तर तीही बंद, नाहीतर चालताना चित्र अडखळतं.

फोकस मात्र ऑटोवरच राहू द्या. अंधारात फोन चाचपडतो, तूर धूसर होते, पुन्हा स्पष्ट होते, मधेच बोटावर फोकस जातो. ते चाचपडणं बघणाऱ्याच्या रोजच्या ओळखीचं आहे, कारण त्याचा स्वतःचा फोनही तसाच वागतो. फक्त ज्या शॉटमध्ये महत्त्वाचं काही दिसणार आहे तिथं एक्सपोजर (चित्र किती उजळ घ्यायचं ते) लॉक करा, नाहीतर फोन ऐन वेळी सगळं उजळून मागं बसलेला तुमचा मित्र दाखवेल. आमचा एक अख्खा चांगला टेक त्यानं गेला.

आडवा की उभा? पोरगा बापाला पाठवायला व्हिडिओ काढतोय, मग तो फोन उभाच धरणार. आम्ही उभाच ठेवला. मोठ्या पडद्यावर दोन्ही बाजूंना काळं राहतं आणि ते चांगलं वाटतं, दोन्हीकडून अंधार दाटल्यासारखं.

सीसीटीव्हीची गोष्ट असेल तर वेगळा नियम. रात्री तो कॅमेरा डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडावर चालतो, म्हणून चित्र काळं-पांढरं येतं. लेन्सजवळचं कोळ्याचं जाळं लख्ख उजळतं, किडे पांढऱ्या रेघा ओढत जातात, मांजराचे डोळे चमकतात. आणि एक नेमकी गोष्ट: काळं सिंथेटिक कापड त्या उजेडात बऱ्याचदा राखाडी-पांढरं दिसतं. काळ्या कपड्यातली आकृती उभी करणार असाल तर आधी खऱ्या कॅमेऱ्यासमोर कापड धरून बघा.

५. अंधार कसा करायचा

खऱ्या काळोखात फोनवर फक्त मुंग्या येतात. आम्ही पाणंदीतले लांबचे शॉट सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांच्या आत घेतले, एक्सपोजर खाली ओढून. डिसेंबरात ती वेळ सहाच्या आसपास येते आणि पटकन निघून जाते, म्हणून तालीम चार वाजताच करून ठेवा. जवळचे शॉट मात्र खऱ्या रात्री, फोनच्याच फ्लॅशवर.

फ्लॅश तोंडावर थेट पडला की चेहरा पांढरा फटक होतो. त्यासाठी ते धोतर. दोघांनी बाजूला, फ्रेमच्या बाहेर ताणून धरायचं आणि डोक्याची बॅटरी त्याच्यावर मारायची. परत येणारा मऊ उजेड एवढाच हवा की डोळ्यातली भीती दिसावी आणि उजेड कुठून आला ते कळू नये. निळा चंद्रप्रकाश म्हणून रंगीत एलईडी लावू नका. त्यानं लगेच सिरियल वाटतं.

६. कलाकार आणि बोली

पोरगा आम्ही खरंच रात्री मोटर चालू करायला जाणारा घेतला. पहिल्या दिवशी त्याला संवाद पाठ करून दिले तर तो शाळेतल्या भाषणासारखा बोलायला लागला. "मला इथे फार भीती वाटत आहे." असं आपल्याकडं कोण बोलतं? कागद काढून घेतला. सांगितलं, तुझ्या पप्पाला सांगतोस तसं सांग. तो म्हणाला, "पप्पा, मोटर चालू झाली. पाणी पडायलंय. पण बाभळ… ही बाभळ मघाच गेलती ना?"

त्या "गेलती"नं काम केलं. कलाकाराला त्याच्या तालुक्याची बोली बोलू द्या. लातूरचा लातूरसारखा, बीडचा बीडसारखा. शब्द कमी लागले तर कमी ठेवा. घाबरलेला माणूस वाक्य पूर्ण करत नाही, देवाचं नाव घेतो, आजीला हाक मारतो किंवा उगाच मोठ्यानं गाणं म्हणायला लागतो.

सगळी गोष्ट त्याला सांगू नका. बाभळीमागं आमचा माणूस बसलाय हे त्याला माहीत होतं, पण तो फांदी कधी मोडणार हे माहीत नव्हतं. एवढं पुरतं. यापुढं जाऊन कुणाला खरोखर घाबरवणं, एकटं सोडणं, अंगावर काही टाकणं हे मी केलं नाही आणि तुम्हीही करू नका. थांबायचं असेल तर म्हणायचा एक शब्द आधी ठरवा. आमचा "चुलत" होता. तो ऐकला की सगळ्या बॅटऱ्या एकदम लागायच्या.

७. फोन किती हलवायचा

नवीन माणूस फोन फार हलवतो. घाबरलो म्हणजे थरथर, असं समजून. स्वतःचे गॅलरीतले व्हिडिओ काढून बघा: माणूस व्हिडिओ काढताना फोन स्थिर धरायचाच प्रयत्न करत असतो आणि तो प्रयत्न मोडतो तेव्हा खरं वाटतं. पोरग्याला आम्ही एवढंच सांगितलं की पप्पाला खालचे आकडे नीट दिसले पाहिजेत. तो ते दाखवायला धडपडतो, श्वास वाढलेला असतो, म्हणून फोन हलतो.

दिसायचं ते फ्रेमच्या मधोमध नको. फोन फिरताना कडेला अर्धा सेकंद यावं आणि पोरग्यानं ते पाहिलेलंच नसावं. बघणारा व्हिडिओ मागं घेऊन पुन्हा बघतो, आणि तुम्हाला तेच हवंय.

८. आवाज

चित्र कसंही असो, लोक चालवून घेतात. आवाज खोटा असला की संपलं. म्हणून इथं सगळ्यात जास्त वेळ द्या.

फोनचा माइक गप्प जागी आपोआप आवाज वाढवतो. शांततेत आधी सूं सूं चढत जाते, मग कुणी बोललं की एकदम दबते. ही सवय काढू नका, तीच फोनची ओळख आहे. दुसऱ्या फोनवर शर्टाच्या माइकनं घेतलेला स्वच्छ आवाज फक्त आधाराला: जिथं शब्द कळणं गरजेचं आहे तिथं हळूच मिसळायचा.

जागेवरचा नुसता आवाज घ्या. सगळ्यांनी गप्प बसून पूर्ण दोन मिनिटं, वेगवेगळ्या ठिकाणी: आखाड्यावर, मोटरजवळ, पाणंदीत. डिसेंबरातल्या रानाला स्वतःचा आवाज आहे. रातकिडे, लांबची कुत्री, मधेच टिटवी, पिंगळा, आणि कारखान्याकडं जाणारी ट्रॅक्टरची ट्रॉली. नेटवरून उतरवलेला परदेशातल्या लांडग्याचा आवाज टाकू नका. ज्यानं कधी जागल केली असेल त्याला ते लगेच कळतं.

आमच्या ट्रेलरमधली सगळ्यात भीतीची जागा कशी झाली ते सांगतो. सुरुवातीपासून मागं कुठंतरी मोटरीची घरघर सतत आहे. पोरगा जितका लांब जातो तितकी ती कमी व्हायला हवी. तिसऱ्या व्हिडिओत ती कमी होत नाही. तो दहा मिनिटं चाललाय आणि मोटर तेवढ्याच अंतरावर वाजतेय. पोरग्याच्या आधी बघणाऱ्याच्या कानाला ते कळतं. मग घरघर थांबते. लाईट गेली. आणि त्या शांततेत एक सेकंदानं रातकिडेही थांबतात.

खरे रातकिडे जवळ कुणी आलं की थांबतात. रानात वावरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

संगीत घालू नका. पोरग्याच्या फोनमध्ये संगीत कुठून येणार?

९. तारीख, वेळ आणि लोकेशनचे आकडे

हे आकडे ॲपनं शूटिंगच्या वेळी छापू देऊ नका, एडिटिंगमध्ये वरून टाका. ॲप खऱ्या शेताचं लोकेशन छापतं आणि मग लोक तिथं पोचतात.

आकडे टाकताना हिशेब नीट करा. दशांश पद्धतीत अक्षांशाचा चौथा आकडा एकानं बदलला म्हणजे साधारण ११ मीटरचं अंतर. पोरगा चालतोय तोवर चौथा-पाचवा आकडा हलला पाहिजे, कारण खरं ॲप तसंच करतं. आमचे आकडे हलतात, पुढं जातात आणि पुन्हा तिथंच येतात. नुसते गोठवून ठेवले असते तर "ॲप अडकलंय" वाटलं असतं.

तारखेचा सापळा मोठा आहे. आमच्या पहिल्या कच्च्या कटमध्ये तारीख चुकून १४ एप्रिल पडली होती आणि मागं हिरवा हरभरा. शहरातल्या माणसाच्या लक्षात आलं नसतं, पण आमच्याकडं पहिल्याच बघणाऱ्यानं विचारलं, "एप्रिलात हरभरा कुणाचा हो?" पीक, थंडीचे कपडे, आईबाप ऊसतोडीला असण्याचा काळ, रात्रीच्या लाईटची वेळ, आणि त्या तारखेला आकाशात चंद्र किती हवा, हे सगळं पंचांग उघडून जुळवा. स्क्रीनवरच्या वेळेतलं अंतर आणि बॅटरीची टक्केवारीसुद्धा.

१०. एडिटिंग

फोनचा व्हिडिओ बऱ्याचदा बदलत्या फ्रेम रेटचा असतो. तो थेट एडिटिंगला घेतला की वेगळा घेतलेला आवाज काही वेळानं ओठांच्या मागं-पुढं सरकतो. आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटचा करून घ्या. संगणकावर दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती आणि आवाजाला ऑडॅसिटी पुरते. संगणक नसेल तर काईनमास्टरही चालेल.

आमचे पंचाहत्तर सेकंद असे बसले:

- ० ते १२: आखाड्यावरचा बल्ब, मोटरीचा खटका, पाइपातून पाणी. "पप्पा, चालू झाली बघा." भीतीचं काहीही नाही
- १२ ते ३०: पाणंद. गप्पा. आजीनं काय रांधलं ते सांगतो. कडेला बाभळ जाते
- ३० ते ४८: पुन्हा बाभळ. आकडे तेच. बोलणं तुटक
- ४८ ते ६२: तिसऱ्यांदा बाभळ. मोटर बंद. रातकिडे बंद. फोन हळूहळू मागं वळायला लागतो
- ६२ ते ७०: वळण पूर्ण व्हायच्या आधी काळा पडदा. नुसता श्वास
- ७० ते ७५: पांढऱ्या साध्या अक्षरांत सिनेमाचं नाव, आणि "ही काल्पनिक कथा आहे"

पहिले बारा सेकंद कापा असं आम्हाला सगळ्यांनी सांगितलं. "रीलमध्ये तीन सेकंदांत काहीतरी व्हायला पाहिजे." मी कापले नाहीत. पोरगा बापाशी बोलतोय हेच ऐकलं नाही तर मावशी त्याची वाट कशाला बघेल? थोडे बघणारे गेले असतील, जाऊ देत.

पांढरे आडवे पट्टे, "सिग्नल गेला" अशी खरखर, लाल ठिपका आणि कोपऱ्यात आरईसी (रेकॉर्डिंग चालू असल्याची खूण) असली रेडिमेड इफेक्ट टाकू नका. मोबाईलच्या व्हिडिओत यातलं काहीच नसतं.

११. चित्र खराब करणं

स्वच्छ फाइल खोटी वाटते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो, अंधारात चौकोन पडतात. एडिट केलेला, पण आकडे आणि अक्षरं न टाकलेला कट एका फोनवरून दुसऱ्या फोनवर पाठवा, तिथं उतरवून घ्या, हवं तर आणखी एकदा. दोनदा पुरे होतं. मग त्याच्यावर आकडे टाका म्हणजे ते वाचता येतील. मूळ फाइल मात्र डॉक्युमेंट म्हणून किंवा केबलनं काढून दोन ठिकाणी जपून ठेवा.

१२. लोकांसमोर आणण्याआधी

हा टप्पा सोडून तुम्ही ट्रेलर टाकू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आमचा ट्रेलर टाकल्यावर आठवड्याभरात कुणीतरी शेवटचे पाच सेकंद कापून, खाली एका खऱ्या गावाचं नाव लिहून तो फिरवला. "या पाणंदीनं रात्री जाऊ नका." त्या गावातली माणसं रात्री पाणी द्यायला जायला घाबरायला लागली. कापणारा मी नव्हतो, पण दोष माझाही होता. "काल्पनिक" हा शब्द मी फक्त शेवटी ठेवला होता, जिथून तो सहज कापता येतो. मी त्या गावात जाऊन पारावर माफी मागितली.

हे हसण्यावारी न्यायचं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. त्याच्या मुळाशी फोनवरून फिरलेल्या अफवा होत्या. खरं वाटणारा व्हिडिओ आपल्या हातात आहे, म्हणजे हे सगळं आपल्या हातात आहे.

म्हणून:

- सिनेमाचं नाव आणि "काल्पनिक" हे शब्द सगळ्या व्हिडिओभर एका कोपऱ्यात, बारीक पण कापता न येतील असे ठेवा. भीती कमी होत नाही, आम्ही करून बघितलंय
- खऱ्या गावाचं, विहिरीचं, पाणंदीचं नाव नको. पोलिसांचं बोधचिन्ह, "पोलिसांना सापडलेला मोबाईल" असली पाटी नको
- गावातली एकटी राहणारी म्हातारी, विधवा बाई, भिक्षेकरी यांना चेटकीण किंवा करणी करणारी म्हणून दाखवू नका. एखादी व्यक्ती करणी करते असं पसरवणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी त्या बाईला दुसऱ्या दिवशी त्याच गावात राहायचं असतं
- थिएटरमध्ये दाखवणार असाल तर ट्रेलरलाही सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं
- टाकण्याआधी तीन माणसांना दाखवा: एक रानात रात्री जाणारा, एक शहरातला, एक साठीच्या पुढचा. त्यांच्याजवळ बसा आणि स्क्रीन सोडून त्यांच्या तोंडाकडं बघा. कुठं फोन बाजूला ठेवावासा वाटला ते लिहून घ्या
- मेकिंगचा छोटा व्हिडिओ त्याच रात्री काढा आणि तयार ठेवा. अफवा उठली की लगेच टाकायचा

आमचा मेकिंगचा व्हिडिओ दोन मिनिटांचा आहे. बाभळीमागं माझा मावसभाऊ मफलर गुंडाळून बसलाय, हातात मोडायला ठेवलेली वाळकी फांदी आहे, शेजारच्या आखाड्यावरचे काका त्याला कपात चहा ओततायत आणि पाणंदीतून पोरगा ओरडत येतोय, "पप्पा, ही बाभळ मघाच गेलती ना?" त्या गावच्या पारावर मी माफी मागितली तेव्हा हाच व्हिडिओ फोनवर लावून दाखवला होता. दुसऱ्या दिवशी तिथल्या एका पोरानं कळवलं, त्याचे वडील रात्री पाण्याला गेले.